तापाचे फोन

सकाळपाळीची शाळा सुरू झाली की आमच्याकडे उन्हाळा लागला असं समजायचं. मार्च अर्ध्यावर येतो, कूलर पुसून खिडकीला लागतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात, आणि आम्ही मास्तर मंडळी सातच्या घंटेसाठी सहालाच घराबाहेर. माझी शाळा भद्रावतीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. गेल्या वर्षीच इथे बदली झाली. परवा स्कूटी लावत होते आणि वास आला. गोड, जरासा आंबूस, डोक्यात चढणारा. कंपाउंडच्या पलीकडे कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आहे. त्याखाली पिवळट पांढरा सडा पडला होता आणि दोन बाया वाकून वेचत होत्या. मी हेल्मेट न काढता तशीच उभी राहिले. घंटा झाली, प्रार्थना सुरू झाली, शेवटी पोषण आहार शिजवणारी आमची शांताबाई ओरडली, "बाई, काऊन उभ्या राह्यल्या तिथी? भूत लागलं काय?"

भूतच म्हणा ना. पाच वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मोहाचा एक अख्खा हंगाम मी फोनवर ऐकला होता. एक फूल डोळ्यांनी बघितलं नाही, वासाचा तर प्रश्नच नाही. सगळं काय ते कानांनी. आणि तरी तो वास असा डोक्यात बसला की पहिल्या तासाला मी तिसरीच्या पोरांना चौथीचं गणित दिलं. पोरं बिचारी सोडवत बसली.

शिवाय घरी सुजूला ताप आहे. सुजू म्हणजे सुजाता, माझी एकुलती एक लेक, आठवीत. आज तिसरा दिवस. डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल आहे म्हणाले, औषध दिलं. मी दर वेळी तिच्यासमोर उभी राहते आणि औषध घशाखाली गेल्याशिवाय हलत नाही. "तोंड उघड" म्हणते. "आई, मी काय के.जी.त आहे का?" असं ती करवादते. करवादू दे. तिला माहीत नाही, किंवा माहीत असेलही, की त्या हंगामात मी शेकडो आईबापांना एकच प्रश्न विचारत होते आणि तिच्या बाबतीत नेमकी नापास झाले होते. त्याचा हिशोब अजून आमच्या दोघींत झालेला नाही. आमच्याकडे असले हिशोब कोणी बोलून करत नाही. भाजीत मीठ कमी-जास्त झाल्यावर भांडण होतं, तेव्हा समजून घ्यायचं.

तर ती ड्युटी. शाळा बंद होत्या, आणि मास्तर रिकामा दिसला की सरकारला चैन पडत नाही. चंद्रपुरात एका बंद शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून फोन ठेवले होते. एका कोपऱ्यात दोन डॉक्टर. गावोगावचे आईबाप आजारी लेकरासाठी फोन करत, डॉक्टर ऐकून सल्ला देत, कारण गाड्या बंद आणि दवाखाने भरलेले. आम्ही मास्तरणींनी दुसऱ्या दिवशी त्याच आईबापांना फोन लावायचा आणि विचारायचं: डॉक्टरांनी सांगितलं ते केलं का? तक्ता दिलेला होता. शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय. पाळला, थोडाफार पाळला, नाही पाळला.

मला वाटलं, सोपं आहे. वीस वर्षं पोरांना "गृहपाठ केला का" विचारते आहे, खोटं बोलणारा मला आवाजावरून कळतो.

कशाचं काय! पोरं खोटं बोलताना अडखळतात तरी. आईबाप अडखळतसुद्धा नाहीत. एक आजी मला ठासून सांगत होती की डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं, आणि मागून नातू रडत होता, "आजी, गोधडी काढ ना." एप्रिलचं ऊन, बाहेर त्रेचाळीस, आणि तापलेलं पोर गोधडीत. एका आईला मी साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते सांगत होते. म्हटलं, "घरी एक लिटरची बाटली आहे का?" मग दबक्या आवाजात, "नाई जी. आमच्या घरी बाटली नसते. आमचे हे पीत नाईत." तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी होती. मी कोण कुठली, सरकारी फोनवरून बाटलीची चौकशी करते आहे! तिला समजावता समजावता माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई हसून हसून लाल झाली. त्या दिवसांत हसायला असं काहीही पुरायचं.

पण हसणं बाजूला ठेवून विचार केला तर मला आईबापांचं वागणं कळत होतं. डॉक्टर म्हणजे आपल्याकडे हात. आला, मनगट धरलं, पोट दाबून बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढली, की अर्धा ताप तिथेच उतरतो. माझ्या आईला तर सुई टोचल्याशिवाय डॉक्टरवर भरवसाच बसत नसे. आणि आता तो हात गेला, नुसता आवाज उरला. आवाजावर विश्वास ठेवून आपलं तापलेलं लेकरू कोणी कसं सोपवावं? सख्ख्या भावाचा फोन आला तरी आपण "हो, हो" म्हणून ठेवतो आणि आपल्याला वाटेल तेच करतो.

मी स्वतःच्या लेकीला बल्लारपूरला बहिणीकडे ठेवलं होतं. नवरा माजरीच्या खाणीत पाळीवर जाणारा, मी रोज त्या हॉलमध्ये तीस माणसांत. घरी आणायचं तर आजार आपणच आणू. सुजू तेव्हा आठ वर्षांची होती. निघताना तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "थोडेच गं." चंद्रपूरहून बल्लारपूर म्हणजे स्कूटीवर पंचवीस मिनिटं. माझ्याकडे ड्युटीचा पास होता, नाक्यावरचा पोलीस मला ओळखायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही कारणं दिली तर तुम्हाला त्यांची किंमत कळेल.

आणि मग जंगूबाई आली. म्हणजे तिचा आवाज आला.

जिवतीच्या पहाडावर एक गुडा आहे, दहा-बारा घरांची गोंड वस्ती. नाव सांगत नाही. तिथल्या आशाताईनं डॉक्टरांना फोन केला होता: पूनम, वय तीन वर्षं, ताप आणि खोकला. डॉक्टरांनी तापाचं औषध सांगितलं, आशाताईनं आपल्याजवळची बाटली आईला दिली, आणि दुसऱ्याच दिवशी आशाताई स्वतः तापानं आडवी झाली. दिलेल्या नंबरवर मी दुपारी फोन लावला, संध्याकाळी लावला. लागेना. आमच्याच हॉलमधले पहाडाकडचे एक गुरुजी म्हणाले, "अहो, त्या गुड्यात नेटवर्क कड्यावरच्या मोहाच्या झाडाखालीच येते. फोन पिशवीत घालून फांदीला टांगून ठेवतात. सध्या मोह पडून राह्यला. पहाटे लावा, सगळे तिथीच असतात."

मग मी घरून लावला. सहा वाजले असतील, मी ओट्यावर चहा घेऊन बसले होते. तीन-चार रिंग झाल्या आणि कोणीतरी फोन उचलला. आधी कोणी बोललंच नाही. नुसतं टप... टप... टप... ऐकू आलं. थांबून थांबून, कधी एक, कधी लागोपाठ चार. कुठेतरी पालापाचोळा झाडल्याचा खराटा वाजत होता, कोणीतरी गाईला हाकललं. मला वाटलं पाऊस पडतोय का काय. आयुष्य या जिल्ह्यात गेलं, पण मी कॉलनीत वाढलेली, मोह पडताना त्याचा आवाज होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"कोन हाय?" एक बाई म्हणाली. आवाज बारीक, पण धारदार.

मी सांगितलं कोण ते. पूनमची आई जंगूबाई तीच होती. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, तिकडेच अडकलेला. घरी ती, सासरा आणि पोरगी. मी तक्ता काढून विचारत गेले. औषध दिलं का? "हव जी." अर्धं झाकण, दिवसातून तीन वेळा? "हव जी." ओल्या फडक्यानं अंग पुसलं? "हव जी." पाणी पाजता ना? "हव जी, हव जी." इतकं आदबीनं की मी मनात म्हटलं, या पहाडावरच्या माणसांकडून आमच्या शहरातल्या शहाण्यांनी शिकावं. रकान्यात लिहिलं: पाळला. अक्षर छान आलं होतं, मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या सासऱ्यानं उचलला. म्हातारा सरळ होता. म्हणाला, "दवाई? नाई दिली जी. सीलबी नाई तोडलं."

"अहो, काल तुमच्या सुनेनं हो म्हटलं!"

"मंग काय म्हनल?" म्हातारा मलाच रागावला. "तुमी इतक्या दूरून पोरीची खबर घेता. तुमाले तोंडावर नाई म्हनाव का? असं नाई करत आमच्यात. आमाले वाईट वाटते."

वीस वर्षांची मास्तरकी गेली चुलीत! त्यांच्याकडे कोणी आपुलकीनं विचारलं तर त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत. "हव जी" म्हणजे तुमचं ऐकलं, तुमचा मान ठेवला. केलं असा त्याचा अर्थ मीच लावला होता. आणि मी किती जणांच्या पुढे "पाळला" लिहून बसले होते, देव जाणे.

जंगूबाईला बोलवा म्हटलं. ती आली. मी या वेळी तक्ता मिटला. म्हटलं, "बाई, किती फुलं झाली आज?" ती एकदम मोकळी झाली. अर्धी टोपली झाली म्हणाली, रात्री अस्वल येऊन गेलं म्हणाली, आणि पहाटेची थंडी असते तोवर फूल जास्त गळतं, ऊन चढलं की झाड हात आखडतं. मग मी विचारलं, औषध का नाही दिलं गं? ती म्हणाली, "पोट्टीनं कधी ते लाल पानी पाह्यलं नाई जी. उलटी करन. आन देल्यावर काई झालं तं? तुमी तं तिथी. मी येकटी हावो इथी."

मी म्हटलं, "मी फोन ठेवत नाही. माझ्यासमोर दे." सासऱ्यानं घरून बाटली आणली आणि तिनं दिलं. पूनम रडली, ठसकली, "याया, याया" ओरडली. गोंडीत आईला याया म्हणतात, एवढं मला समजलं. मग गिळल्याचा आवाज आला आणि जंगूबाई म्हणाली, "गेलं पोटात." आम्ही दोघी हुश्श झालो. माझा चहा गार झाला होता.

तिथून ती पहाट माझी झाली. ड्युटी दहाची, पण मी सहालाच ओट्यावर. नवरा म्हणायचा, "लागला का तुझा मोहाचा फोन?" मी तिला काय काय विचारायचे. फूल चवीला कसं लागतं, वाळायला किती दिवस लागतात, झाडाखालचा पाला आधी जाळावा का लागतो. ती मला विचारायची, तुमची पोट्टी किती मोठी, आणि चंद्रपुरात इतकी माणसं मरून राह्यली हे खरं आहे का? मी म्हणायचे, थोडीफार. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलत होतं.

पाच-सहा दिवसांनी एका पहाटे आवाज वेगळा होता. पूनम दूध घेत नाही, खोकल्यावर पोट हलतं म्हणाली. मी ताबडतोब डॉक्टरांना उठवलं. भला माणूस, रागावले नाहीत. म्हणाले, "श्वास मोजायला सांगा. पोरगी शांत असताना. एका मिनिटात चाळीसच्या वर गेले तर थांबायचं नाही, खाली दवाखान्यात आणायचं. बरगडीखाली खड्डा पडतो का तेही बघा."

पुन्हा फोन. तिला सांगितलं, पोट वर आलं की एक. ती मोजायला लागली आणि सतरा-अठरावर चुकली. पुन्हा केलं, पुन्हा चुकली. पोरीकडे बघू की आकडा धरू, म्हणाली. घड्याळ तिच्याकडे नव्हतंच, ते माझ्याकडे. मग तीच म्हणाली, "थांबा जी. मी टोपलीतून फूल घेतो. पोट वर आलं का येक फूल पदरात टाकतो. तुमी बस म्हना."

मी म्हटलं, "सुरू." आणि दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघत राहिले. फोनमध्ये कोणी बोलत नव्हतं. गुड्यातली बाकीची माणसंही वेचायची थांबली असावीत, खराटा बंद झाला होता. नुसतं झाडावरून पडणारं टप टप, आणि त्याच्या खाली अगदी जवळ एक घरघर. ती पूनमची होती. साठ सेकंद इतके लांब असतात हे मला बाळंतपणातही कळलं नव्हतं. "बस," म्हटलं.

तिनं फुलं मोजली. विसाविसाचे ढीग करून. "दोन कोडी," म्हणाली, "आन वर बारा."

बावन्न. मी पाटीवर कितीदा लिहिला असेल हा आकडा. त्या दिवशी तोंडातून निघेना.

"जंगूबाई, खाली न्यावं लागेल. आजच. आत्ता."

तिनं फोन बाजूला धरला. मग म्हातारा मागून काहीतरी म्हणाला, आणखी दोघं बोलले, सगळं गोंडीत. मला कळलं नाही आणि सगळं कळलं. मग ती म्हणाली, "तिथी नेलं का माणूस वापस येत नाई म्हनतात. माय लेकराजवळ बसू देत नाईत म्हनतात. मोहाचे चारच दिस राह्यले. पुजारीबी म्हनते, थांब."

मी समजावलं. डॉक्टर चांगले आहेत, ॲम्ब्युलन्स पायथ्याशी येईल, तुला जवळ बसू देतील. ती ऐकत होती. "हव जी" म्हणत नव्हती, हाच मोठा आधार होता. शेवटी तिनं विचारलं, "तुमची पोट्टी असती तं तुमी काय केलं असतं जी?"

"उचलून पळत सुटले असते," मी म्हटलं. क्षणाचाही विचार न करता. आवाजात पुरेपूर जोर होता.

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला.

ती उतरली. आठ किलोमीटर पहाड, पूनमला लुगड्यानं पाठीला बांधून, म्हातारा पुढे काठी घेऊन. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की संध्याकाळी ॲम्ब्युलन्सनं त्यांना पायथ्याशी घेतलं. पुढचे दोन दिवस पहाटे फोन लावला तर कोणीतरी उचलायचं आणि "नाई आली" म्हणून ठेवायचं. मी ज्या बाईचं तोंड कधी पाहिलं नाही तिच्या पोरीसाठी विहारात जाऊन मेणबत्ती लावावी असं वाटायचं, पण विहारही बंद. मी घरातच बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसायचे.

जंगूबाई पहाड उतरली त्याच दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, सुजूला ताप आहे."

तपासणी झाली, कोरोना नव्हता. घसा सुजला होता. मी आमच्याच हॉलमधल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी औषध सांगितलं आणि वर म्हणाले, "बाई, तुम्ही जाऊन या. मास्क लावा, अंगणात बसा, खिडकीतून बोला, पण जा. तापात लेकरं आईला शोधतात." मी म्हटलं, "हो सर." पंचवीस मिनिटं. मी गेले नाही.

कारणं होती. बहिणीची सासू म्हातारी, दम्याची. आमच्या हॉलमधले दोन जण आदल्या आठवड्यात दवाखान्यात भरती झालेले, त्यातले एक परत आले नाहीत. मी रोग घेऊन जाईन ही भीती खरी होती. पण खोटं कशाला बोलू, तेवढंच नव्हतं. त्या कामाची मला चटक लागली होती. कोणीतरी मला "बाई, तुमीच सांगा" म्हणत होतं. माझ्या एका शब्दावर एक माय पहाड उतरली होती. घरचं पोर कोणी का असेना सांभाळेल, मला पहाडावरचं बघायचं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी रोज फोन करायचे सुजूला. औषध घेतलं का? "हो आई." पाणी पितेस ना? "हो आई." बरं वाटतंय? "हो आई." मी समाधानानं फोन ठेवायचे. वर नवऱ्याला सांगायचे, पोरगी किती समजूतदार आहे बघा!

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाई, मी जंगू." नर्सबाईचा फोन मागून केला होता तिनं. पूनमला नळी लावली होती, सुया दिल्या, आता श्वास उतरला, सकाळी भात खाल्ला. मी हॉलमध्येच रडायला लागले, टेबलावर डोकं ठेवून. शेजारची बाई घाबरली, तिला वाटलं कोणी गेलं. जंगूबाई तिकडून म्हणत होती, "रडू नका जी. लेकरू चांगलं हाय." आणि मग, त्या अख्ख्या दोन महिन्यांत मला कोणीही विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. "तुमची पोट्टी कशी हाय?"

मी सांगितलं. तापात आहे, बहिणीकडे आहे, जवळच आहे.

"आन तुमी?"

"मी इथे. ड्युटी आहे ना."

तिला कदाचित वाटलं असेल की आपण काही चुकीचं ऐकलं. "मंग माह्याशी काऊन बोलून राह्यल्या?" ती म्हणाली. "जा ना जी तिच्यापाशी. म्या नाई का आली?"

मी म्हटलं, "हव जी."

आणि तिथेच बसून राहिले. तोंडावर नाही म्हणायचं कसं, एवढ्या दूरून आपल्या पोरीची खबर घेणाऱ्या बाईला?

जंगूबाई परत पहाडावर गेली तेव्हा मोह संपत आला होता. एकदा तिनं झाडाखालून फोन केला, टप टप आता फार थांबून थांबून येत होतं. "पूनम, बाईसंग बोल," असं तिनं सांगितलं, पण पूनम काही बोलली नाही, नुसती फोनमध्ये श्वास घेत राहिली. मी सवयीनं घड्याळाकडे बघितलं. ठीक होता. पुढे पावसाळ्यात तो नंबर बंद झाला. एकदा मी पहाडाकडच्या गुरुजींकडे चौकशी करायला गेले, तर त्यांची बदली झाली होती. आता पूनम आठ वर्षांची असेल. शाळेत जात असेल, कोणत्या तरी मास्तरणीला "हव जी" म्हणून फसवत असेल. मी त्या दोघींना रस्त्यात ओळखणार नाही. फोनवर लगेच ओळखेन.

सुजूचा ताप सहा दिवस राहिला आणि गेला. बहीण म्हणाली, "पहिले तीन दिवस सारखी विचारत होती, आई कधी येते. मग नाही विचारलं." मला ते चांगलं लक्षण वाटलं होतं. ड्युटी सुटल्यावर, मे महिन्यात मी बल्लारपूरला गेले. ती फाटकापाशी आली, "आलीस?" म्हणाली आणि परत कॅरम खेळायला आत गेली. तेव्हापासून ती काही मागताना पहिल्यांदा मावशीला फोन करते. चपला तुटल्या, सहलीचे पैसे, पहिली पाळी. मला दुसऱ्या दिवशी कळतं. वागायला चांगली आहे, तक्रार करायला जागा नाही. पण कधीकधी ती दप्तर उचलून निघते आणि मला त्या आठ वर्षांच्या पोरीची इतकी आठवण येते, जी बल्लारपूरच्या त्या खोलीत खाटेवर पडून माझ्या स्कूटीचा आवाज ऐकत असेल. समोर तीच पोरगी उभी असते, हे कळतं. तरी ती वेगळी आणि ही वेगळी.

परवाच्या वासानंतर माझं कशात लक्ष नव्हतं. आज शाळेतून आले, तिचं अंग बघितलं, घामेजून ताप उतरत होता. मी झाकणात औषध ओतलं आणि नेहमीसारखी समोर उभी राहिले. ती हसली.

"आई, तू हे काऊन करतेस, मला माहीत आहे. मावशीनं सांगितलं ना तुला?"

"काय सांगितलं?"

"अगं, तेव्हाचं. कोरोनातलं. मी औषध पीतच नव्हती." ती उठून बसली, गंमत सांगावी तशी सांगायला लागली. "मावशी वळली की मोरीत ओतायची. आणि फोनवर तुला हो आई, हो आई."

"काऊन गं? कडू होतं?"

"छे, संत्र्याचं होतं. गोड." तिनं माझ्या हातातलं झाकण घेतलं. "मला वाटायचं, ताप राहिला तर तू येशील. तीन दिवस ओतलं. मग म्हटलं, आता काही ही येत नाही. मग चौथ्या दिवशी पिऊन टाकलं."